पायाळू पोरीच्या आईचा पोवाडा

रविवार उजाडला की लालबागच्या त्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, दोन-चार धट्टेकट्टे गिरणी कामगार उपडे पडलेले दिसत. पाहुण्याला वाटावं, रात्रपाळी करून आलेत आणि घरात जागा नाही म्हणून बाहेरच आडवे झालेत. पण तसं नव्हतं. हे सगळे पाठीत उसण भरलेले गडी होते आणि ते मालनच्या पायाची वाट पाहत होते. मालन अवघी आठ महिन्यांची. पण पायाळू, म्हणजे डोक्याऐवजी पाय पुढं करून जन्माला आलेली. पायाळूचा पाय लागला की उसण उतरते, याबद्दल लालबागपासून काळाचौकीपर्यंत कुणाचं दुमत नव्हतं. तिची आजी लक्ष्मीबाई नातीला दोन्ही हातांनी धरी, तिचं पाऊल एकेका पाठीवर टेकवी, मालन खुदकन हसे आणि गडी कंबर चोळत उठून म्हणे, "उतरली बघा!" मग कुणी नारळ ठेवी, कुणी खडीसाखरेची पुडी.

मालनच्या पायांची कीर्ती अशी शीवपर्यंत पोचली होती. पण ते पाय या जगात आले तेव्हा त्या खोलीत काय घडलं, हे पायांच्या आईला एकाही माणसानं विचारलं नव्हतं.

तिची आई अंबिका त्या वेळी गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला, नळाजवळ बसलेली असे. समोरची गिरणी आठवडाभर घरघरत असे, तोवर अंबिका घरातलं सगळं करी. पोरीला अंगावर पाजी, न्हाऊ घाली, झोपवी. पण रविवारी गिरणी बंद पडली, ती घरघर थांबली आणि चाळीवर शांतता पसरली, की तिचा श्वास कोंडल्यासारखा होई. पोरीला उचलायला जावं तर हात पुढं होत नसत. आपल्या हातून ती पडेल, असं वाटून ती मागं सरे आणि मग त्या मागं सरण्याची लाज वाटून दूर जाऊन बसे.

लक्ष्मीबाईंनी याचं निदान केव्हाच केलं होतं. "आयतवारीच होता म्हणजे हा दुखणा नाय. गावच्या देवाचो वार तो. देव काय तरी मागता," असं त्या शेजारणींना सांगत. त्यांनी काळा दोरा बांधून पाहिला, दृष्ट काढून पाहिली. शेवटी त्यांनी ठरवलं की पावसाळा सरून बोटी सुरू झाल्या, म्हणजे गणपती उरकल्यावर पहिल्या बोटीनं मालनला घेऊन गावी जायचं, देवाला कौल लावायचा आणि पोरीला तिथंच थोरल्या सुनेजवळ ठेवायचं. थोरली सून चंपा, लग्नाला नऊ वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. बिचारी जीव लावून सांभाळील, यात शंका नव्हती. म्हणूनच तर अंबिकाला नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं.

"आये, पोर लहान आहे अजून. माझ्या अंगावर पिते," ती एकदाच म्हणाली.

"आणि आयतवारी? आयतवारी कोण बघता तिका?" लक्ष्मीबाई म्हणाल्या. त्या वाईट बाई नव्हत्या, मंडळी! नातीवर त्यांचा जीव होता आणि सुनेवरही. "चेडू जगला, तू जगलंस. मग आता रडतंस कित्याक, ता तरी सांग."

अंबिका पोरीच्या दुपट्याची घडी घालू लागली. सांगायचं कसं?

मालन जन्मली ती छप्पन सालच्या जानेवारीत. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं दिल्लीनं जाहीर केलं आणि गिरणगाव पेटून उठलं, ते दिवस. गिरण्या बंद, संचारबंदी, रस्त्यावर गोळीबार. एरवी गिरणगावातल्या बाया बाळंतपणाचा हिशेब भोंग्यावर ठेवतात. पहिल्या पाळीच्या भोंग्याला कळा सुरू झाल्या, दुपारच्या भोंग्याला पोर झालं, असं सांगतात. त्या दिवशी भोंगा नव्हता, गिरणीची घरघर नव्हती, काही नव्हतं. सुईण रस्त्यापलीकडच्या चाळीत राहायची. पण तो रस्ता ओलांडणं म्हणजे मरणाला आमंत्रण. नवरा जयवंत मोर्चात गेला तो परळला अडकून पडला. खोलीत अंबिका आणि सासू, दोघीच. बाहेरच्यांना एवढंच ठाऊक होतं. आत काय झालं ते ना सासूनं कुणाला सांगितलं, ना सुनेनं. बाळंतिणीच्या खोलीतलं बाहेर बोलायचं नसतं, विटाळाच्या गोष्टी त्या!

जयवंताची गोष्ट मात्र सगळ्या चाळीला तोंडपाठ होती. परळच्या नाक्यावर त्याच्या खांद्यावर लाठी बसली, त्याचा वण राहिला. कुणी नवा माणूस आला की जयवंत सदऱ्याची गुंडी काढून वण दाखवी. आधी एक शिपाई होता, पुढं दोन झाले, गोकुळाष्टमीपर्यंत चार झाले. लोक कौतुकानं ऐकत. आणि का ऐकू नये? त्यानं खाल्लेली लाठी खरी होती.

त्या गणपतीत चाळीच्या मंडळानं एक बेत केला. मंडळाचा शाहीर राजाराम, गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, आणि गळा खणखणीत. त्यानं जानेवारीच्या लढ्याचा पोवाडा रचायला घेतला. कल्पना अशी की चाळीतल्या प्रत्येक खोलीचं त्यात एक कडवं यायचं. ज्या घरानं जे सोसलं, ते घर त्या कडव्यात. कुणाचा भाऊ तुरुंगात गेला, कुणी जखमींना पाणी पाजलं, कुणाच्या दारावर गोळी लागली. राजाराम खोल्याखोल्यांतून हिंडून माहिती गोळा करू लागला. चाळ नुसती फुलून गेली! दारावर गोळीची खूण असलेलं घर ती खूण रोज पुसून स्वच्छ करू लागलं.

तो अंबिकाच्या खोलीत आला. जयवंतानं गुंडी काढली, वण दाखवला, शिपाई मोजून दाखवले. राजाराम खूश झाला. उठता उठता सहज म्हणाला, "वहिनी, तुम्ही कुठं होता तेव्हा?"

"इथंच होते," अंबिका म्हणाली. "बाळंत होत होते."

राजाराम हसला. वाईट हेतूनं नव्हे, अवघडून हसला. "ते काय पोवाड्यात घालायचं, वहिनी! पोवाडा लढाईचा असतो."

तो गेल्यावर पाट्यावर मसाला वाटताना अंबिकाचा वरवंटा असा आपटू लागला की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली. लढाईचा असतो म्हणे! मग ती काय होती?

चाळीच्या तळमजल्यावर, व्यायामशाळेच्या खोलीत, संध्याकाळी बायकांचा साक्षरतेचा वर्ग भरे. तो चालवायला गिरगावातून दुर्गाबाई यायच्या. जुन्या प्रभू घराण्यातल्या, शाळेत शिक्षिका, पन्नाशीच्या, नऊवारी चापून नेसलेल्या. बोलणं मऊ, पण मुद्दा सोडायचा नाही असा स्वभाव. वर्ग सुटल्यावर अंबिका मागं राहिली.

"बाई, पोवाडा कुणाचा असतो?"

"जो झुंजला त्याचा," दुर्गाबाई म्हणाल्या. "का गं?"

अंबिकानं राजारामाचं बोलणं सांगितलं. दुर्गाबाईंनी हसून सोडून दिलं नाही. त्यांनी खोलीचं दार लोटून घेतलं, सतरंजीवर बसल्या आणि विचारलं, "अंबिका, त्या दिवशी काय झालं होतं?"

मंडळी, आठ महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदा आला. तो ऐकताच अंबिकाला रडू फुटलं. तिनं सांगायला सुरुवात केली. संचारबंदी सांगितली, सुईण येऊ शकली नाही ते सांगितलं, सासूनं खोलीचं दार आतून लावलं इथवर ती आली आणि पुढं शब्दच निघेना.

"राहू दे," दुर्गाबाई म्हणाल्या. "आज दारापर्यंत आलीस, पुष्कळ झालं. आत उद्या जाऊ. आणि अंबिका, नुसतं सांगणं जड जात असेल तर गाऊन पाहा. तू पाट्यावर गुणगुणतेस ते मी जिन्यातून ऐकलंय. चालीत बसवलं की माणसाला दुःख हातात धरता येतं, नाहीतर ते दुःखच माणसाला धरून बसतं."

"मी पोवाडा करू, बाई? मला धड जोडाक्षरं येत नाहीत."

"पोवाड्याला जोडाक्षरं कशाला हवीत? तुझ्याजवळ जे आहे ते राजारामाजवळ नाही."

दुसऱ्या दिवसापासून पाट्यावर मसाल्याबरोबर कडवी वाटली जाऊ लागली. राजारामाची चाल साऱ्या चाळीच्या कानात बसली होतीच. अंबिका ओल्या खोबऱ्यावर वरवंटा फिरवी आणि तोंडातल्या तोंडात म्हणे,

रस्ता बंद, गिरणी बंद, बंद सारा गाव,
पोटातल्या लेकराला कुठलं ते ठाव!

पहिली ओळ जमली तेव्हा तिला हसू आलं. आपण केलं हे! संध्याकाळी तिनं ते दुर्गाबाईंना म्हणून दाखवलं. मग रोज थोडं थोडं पुढं. कधी दोन ओळी व्हायच्या, कधी आदल्या दिवशीच्या दोन मोडायच्या. एके दिवशी ती दाराच्या आत गेली. भिजलेली वाकळ, विझू पाहणारी चिमणी, सासूची धांदल, सगळं शब्दांत येऊ लागलं. ज्या आठवणी तिच्यावर केव्हाही धावून येत, त्यांना आता ती स्वतः बोलावू लागली. ही ओळ आधी घ्यावी की ती, असा विचार करू लागली. तिच्या बाळंतपणाची मालकी तिला पहिल्यांदाच मिळत होती.

आधी आलं पाऊल, मागं राहिला माथा,
जिन्याखाली बूट वाजती, कुणा सांगू व्यथा!

इथं मात्र ती अडली. पुढचं कडवं तयार होतं, पण ते ती दुर्गाबाईंनाही म्हणून दाखवीना. "ते एकट्या माझं नाही, बाई," एवढंच म्हणाली. दुर्गाबाईंनी आग्रह केला नाही.

राजारामाशी मात्र त्यांनी चांगलाच वाद घातला. तालमीच्या वेळी त्या सरळ व्यायामशाळेत जाऊन उभ्या राहिल्या.

"राजाराम, अंबिकाचं कडवं पोवाड्यात घ्यायचं. ती स्वतः म्हणेल."

राजारामानं डफ खाली ठेवला. "बाई, तुमचा मान आहे. पण गणपतीपुढं बाळंतपण? विटाळाच्या गोष्टी? लोक काय म्हणतील?"

"जखमेतून रक्त गेलं की तू त्याला पराक्रम म्हणतोस. आईचं रक्त गेलं की त्याचा विटाळ कसा होतो? जीव पणाला लागला होता. मागं फिरायला वाट नव्हती. हत्यार नव्हतं, कुमक नव्हती. याहून वेगळी लढाई कशी असते, मला समजावून सांग."

राजाराम डोकं खाजवत म्हणाला, "पण बाई, देवापुढं... गणपती तर पार्वतीच्या अंगच्या मळापासून झालेला. त्याला असलं काय!"

"म्हणूनच ऐकू दे त्याला!" दुर्गाबाई म्हणाल्या. "एरवी त्याला कळणार कसं?"

तालमीला जमलेली पोरं खो खो हसली. राजारामही हसला, आणि हसलेल्या माणसाला मग नाही म्हणता येईना. वहिनींचं कडवं शेवटी, अशी तोड निघाली.

कार्यक्रमाच्या दिवशी चाळीचं पटांगण भरून गेलं होतं. कंदील, पताका, "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे"चे फलक आणि मधोमध गणपती. पुढं सतरंजीवर बायका, मागं पुरुष, गॅलऱ्या ओसंडून चाललेल्या. राजारामानं डफावर थाप मारली. एकेका खोलीचं कडवं येई आणि त्या घरची माणसं ताठ बसत. जयवंताच्या लाठीचं कडवं आलं तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. शिपाई चारच राहिले होते, राजारामानं वाढवले नाहीत ही त्याची कृपा.

शेवटी अंबिका उभी राहिली. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर. कुजबुज झाली. बाई पोवाडा म्हणणार? लक्ष्मीबाई अगदी पुढं, मांडीवर मालनला घेऊन बसल्या होत्या. सून काहीतरी देशाचं गाणं म्हणणार, एवढीच त्यांची समजूत. अंबिकानं पहिल्या ओळी म्हटल्या. "पोटातल्या लेकराला कुठलं ते ठाव!" या ओळीला बायकांमधून "अगो बाय!" असा उद्गार निघाला. पुढचं कडवं आलं. आधी आलेलं पाऊल, मागं राहिलेला माथा. मागं उभा असलेला जयवंत डोळे विस्फारून बायकोकडं पाहत होता. आठ महिने तो याच बाईच्या हातचं जेवत होता आणि यातलं त्याला काही माहीत नव्हतं!

"जिन्याखाली बूट वाजती..." अंबिका म्हणाली आणि थांबली.

डफ वाजत राहिला. राजारामानं एक आवर्तन जास्त घेतलं, मग दुसरं घेतलं. अंबिका उभीच. तिची नजर सासूवर खिळली होती. पुढच्या कडव्यात जे होतं ते सासूचं होतं. त्या दिवशी पाय बाहेर आले, डोकं अडकलं, अंबिकाच्या छातीतून किंकाळी फुटली. आणि जिन्याखाली पोलिसांचे बूट वाजत होते म्हणून लक्ष्मीबाईंनी पदराचा बोळा करून तिच्या तोंडात कोंबला होता. एका हातानं त्यांनी नातीला सोडवलं आणि दुसऱ्या हातानं सुनेचं तोंड दाबून धरलं. ओरडायला मिळालं नाही, श्वास मिळेना, मरतेय असं वाटलं. आणि भोवती ती मेलेली शांतता! हे चारचौघांत म्हणायचं म्हणजे सासूला चव्हाट्यावर आणायचं. ज्या हातांनी पोर जगवलं त्या हातांना आरोपी करायचं. अंबिकानं ओठ मिटले. आता ती खाली बसणार, एवढ्यात पुढून आवाज आला.

"थांबलंस कित्याक?"

लक्ष्मीबाई उभ्या राहिल्या होत्या. कडेवर मालन, गालांवरून पाणी वाहत होतं.

"माका म्हायत आसा पुढचा! मीच दाबलंय तुझा तोंड! पोलीस वर येतले म्हणून माका भय वाटला, बाय. आठ महिने झाले, माझ्या हाताक अजून तुझे दात लागतत." त्यांनी उजवा हात वर केला. "सांग सगळ्यांका! ओरड गो! आता कोण तुझा तोंड दाबता ता मी बघतंय!"

आणि अंबिका ओरडली! ते गाणं नव्हतं. जानेवारीत अडलेली ती हाक होती, ती आता लालबागच्या त्या पटांगणात मोकळी झाली. राजारामाचा हात आपोआप डफावर जोरात पडला, आणि त्या थापेवर अंबिकानं पुढची ओळ उचलली, मान वर करून, डोक्यावरचा पदर सावरायचंही भान न ठेवता:

माझ्या कळा माझ्या होत्या, कुणाची ना चोरी,
झुंजून मी आणली गं ही पायाळू पोरी!

"जी जी रं जी!" धरायचं राजारामाचे साथीदार विसरले. ते बायकांनी धरलं. पुढच्या रांगेतल्या, मागच्या रांगेतल्या, गॅलरीतून वाकलेल्या, साऱ्या बायकांनी! टाळ्या किती वेळ चालल्या याला हिशेब नाही. जयवंत गर्दीतून वाट काढत पुढं आला आणि सगळ्या चाळीदेखत बायकोपुढं हात जोडून उभा राहिला. त्याच्या आयुष्यात एवढी छाती त्याची कधी फुगली नव्हती, आणि या खेपेस ती स्वतःसाठी नव्हती.

दुर्गाबाई मागं भिंतीशी उभ्या होत्या. राजारामानं जवळ येऊन विचारलं, "बाई, हे कडवं आता दरवर्षी घ्यावं लागेल, नाही का?"

"मला काय विचारतोस? शाहिराला विचार," त्या म्हणाल्या आणि त्यांनी अंबिकाकडं बोट दाखवलं.

बोटी सुरू झाल्या. लक्ष्मीबाई गावी गेल्या, पण एकट्या. "देवाक नारळ देवन येतंय, कौल नको," म्हणाल्या. अंबिकाचं सगळं दुखणं एका पोवाड्यानं गेलं, असं सांगितलं तर ते खोटं होईल. एखादा रविवार अजून जड जाई. पण आता तसं झालं की ती नळाजवळ जाऊन बसत नसे. "आये, आज बरं वाटत नाही," असं सरळ म्हणे. मग सासू जवळ येऊन बसे, जयवंत पोरीला घेई, आणि थोड्या वेळानं अंबिका आपणहून हात पुढं करी.

गावी जायच्या आदल्या संध्याकाळी लक्ष्मीबाई अंबिकाजवळ पाट्यापाशी येऊन बसल्या. जयवंत तिथंच पोरीला खेळवत होता. त्या हळूच म्हणाल्या, "अगो, तुझ्या पोवाड्यात एक कडवा माझा बसात?"

"कुठलं, आये?"

"माझो पयलो झील. लावणीच्या दिवसांत झालो, एक रात जगलो. तेचा नावसुद्धा ठेवूक मिळाला नाय."

जयवंताचा हात थबकला. आपल्याला आणखी एक मोठा भाऊ होता, हे तो वयाच्या तिसाव्या वर्षी ऐकत होता. "आये," तो कसाबसा म्हणाला, "हे तू कधी बोलली नाहीस!"

लक्ष्मीबाईंनी त्याच्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. "कोणी इचारल्यान कधी?"

वाचकहो, लढे रस्त्यावर होतात तसे चार भिंतींच्या आतही होतात, आणि तिथं झुंजलेल्या बाईला आपण डिंकाचे लाडू देतो, शेक देतो, बाळंतविडा देतो. फक्त कान देत नाही. तिचं ओरडणं भीतीपोटी दाबलं जातं, मग तिचं बोलणं लाजेपोटी दाबलं जातं, आणि पुढं आपणच विचारत बसतो की हिला झालंय तरी काय! तिला गाऊ द्या, शिवू द्या, रांगोळीत काढू द्या, नुसतं सांगू द्या. पण तिचं तिला मांडू द्या. पुढच्या खेपेस बाळ पाहायला जाल तेव्हा त्याचं नाक कुणावर गेलंय ते नंतर बघा. आधी त्याच्या आईजवळ बसा आणि तिला विचारा, "तुझं कसं झालं गं?" आणि मग ती जे सांगेल ते सगळं, मध्येच न उठता, ऐकून घ्या.